जुनी स्पोर्ट्स कार हिवाळाभर चालवायची असेल तर

माँटे कार्लो रॅली जानेवारीत होते. १९६८ मध्ये विक एल्फर्डने ती पोर्श ९११ घेऊन जिंकली, १९७१ आणि १९७३ मध्ये अल्पाइन ए११० जिंकली. तेव्हा "असल्या गाड्या थंडीत बाहेर काढायच्याच नसतात" हे म्हणणं मनावर घेऊ नका. फरक एवढाच, की त्या गाड्या परतल्या की त्यांना धुणारी, ग्रीस भरणारी माणसं हजर असायची. ते काम आता तुमचं.

नुसत्या थंडीने गाडीचं फारसं बिघडत नाही. खरा घात करतं ते बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ, आणि त्याच्या खालोखाल अर्धवट तापून बंद होणारं इंजिन. खालची जवळजवळ सगळी कामं या दोघांसाठीच आहेत. पहिल्या चार पायऱ्या थंडी पडायच्या आत उरका.

आधी जमवायचं सामान आणि कागद

घरी: व्होल्टमीटर, कूलंट मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, ग्रीस गन, हवा मोजायचा गेज, बारीक तार, बागेचा पाइप, पोकळ भागात मारायचं गंजरोधक मेण आणि त्याची लांब नळी, ग्राफाइट पावडर, रबराला लावायचा सिलिकॉन.

गाडीत: डोक्याला बांधायची बॅटरी, हातमोजे, घोंगडी, छोटं फावडं, टो-पट्टा, जंप केबल, जादा फॅनबेल्ट, डिस्ट्रिब्यूटर कॅप आणि रोटर, ओल हटवणारा स्प्रे, काच पुसायला सुती फडकं. टो-पट्टा नेमका कुठे अडकवायचा ते आत्ताच बघून ठेवा. बर्फात आडवं पडून शोधायची ती गोष्ट नव्हे.

कागद: नोंदणीपत्र, तपासणीचा दाखला, विम्याची प्रत, वायरिंगचा नकाशा. विमा मात्र नीट वाचा. जुन्या गाड्यांच्या पॉलिसीत वर्षाच्या किलोमीटरवर, रोजच्या वापरावर, कधी कधी महिन्यांवरही मर्यादा असते. रस्त्यावरची मदत विम्यात असेल तर ते गाडी ओढून नेतात की सपाट ट्रकवर चढवून, तेही विचारा. हिवाळी टायरची सक्ती देशोदेशी वेगळी असते. सीमा ओलांडणार असाल तर पलीकडचा नियम बघा.

## १. गंज: सुरुवात खालून करा

मीठ नुसतं पत्र्यावर बसत नाही, ते हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच पाझरायला लागतं. काही रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात, त्याला तर ३३ टक्केच पुरतात. म्हणजे गॅरेजात उभी केलेली खारट गाडी वरून कोरडी दिसली तरी सांध्यांत ओलीच असते.

म्हणून कोरड्या दिवसांत गाडी स्टँडवर घ्या आणि या क्रमाने जा:

- पाणी निचऱ्याची भोकं मोकळी करा. दारांच्या तळाशी, सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) खाली, पुढच्या काचेखालच्या कप्प्यात. बारीक तार घाला आणि बाहेर काय पडतं ते बघा. पानांचा लगदा पडला तर तिथे गंज सुरू झालाय असं धरून चाला.
- मडगार्डच्या आतली वरची कड, हेडलाइटच्या मागची वाटी आणि स्प्रिंगचे हँगर बोटाने चाचपा. चाकाने उडवलेला चिखल तिथे साठतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो.
- सगळं धुऊन पूर्ण वाळू द्या. मगच पोकळ भागांत मेण मारा. हवा उबदार असेल तेव्हाच हे करा, गारठ्यात मेण पसरत नाही.
- मेण मारून झालं की निचऱ्याची भोकं पुन्हा तारेने मोकळी करा. हे हमखास राहून जातं, आणि मग सिलचा पाण्याचा डबा होतो.

ब्रेक, सायलेन्सर आणि रबरी बुश यांना मेण लागू देऊ नका. आणि आधीच गंजलेल्या पत्र्यावर जाड काळं अंडरसील फासणं म्हणजे ओल आत कोंडणं. बाहेरून सगळं काळंभोर, गुळगुळीत दिसतं आणि दोन हिवाळ्यांनी पेचकस आरपार जातो.

एमजीबीसारख्या गाडीत सिल हा शोभेचा पत्रा नसतो, बॉडीचा भार तो पेलतो. जॅग्वार ई-टाइपची मधली बॉडीही चेसिसशिवाय, पत्र्यावरच उभी. लोटस एलानची बॉडी फायबरची म्हणून निर्धास्त होऊ नका, आतला कणा पोलादी पत्र्याचाच आहे. त्यातही पुढचा आडवा भाग हेडलाइट उचलणाऱ्या व्हॅक्युमची टाकी म्हणून वापरलेला आहे. तो गंजून फुटला की गंजाची बातमी हेडलाइटकडून कळते.

ताराची चाकं असतील तर हिवाळ्यापुरती साधी लोखंडी चाकं चढवा. बहात्तर तारा आणि त्यांच्या बुडाशी साठलेलं मीठ, हे धुणं कोणालाही रोज जमत नाही.

## २. कूलंट: निम्मं-निम्मं, जास्त नाही

इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं की मिश्रण साधारण उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत टिकतं. एक तृतीयांश ग्लायकॉल असेल तर उणे १८ पर्यंत. जास्त घातलं की जास्त राखण होईल असं वाटतं, पण निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारालाच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

नुसतं रेडिएटर रिकामं करून नवं ओतलं तर बरंचसं जुनं पाणी ब्लॉकमध्येच राहतं. तुम्ही मोजून निम्मं ओतलेलं असतं आणि आत भरतं एक तृतीयांश. ब्लॉकचा नळ उघडा. तो बहुधा गाळाने बुजलेला असतो, तार घालून मोकळा करा. हीटरचा कॉक उघडा ठेवूनच काढा आणि भरा, नाहीतर हीटरमध्ये साधं पाणी राहून तोच आधी फुटेल. भरून झाल्यावर गाडी थोडी चालवून आणा आणि रिफ्रॅक्टोमीटरने मोजा.

पितळी रेडिएटर आणि शिशाचं डाख असलेल्या जुन्या इंजिनांना सिलिकेटवाला जुन्या पद्धतीचा कूलंटच घाला. सेंद्रिय आम्लांवर चालणारा, दीर्घायुषी म्हणून विकला जाणारा प्रकार जुन्या सीलना आणि डाखाला मानवेलच असं नाही. रंगावर विसंबू नका, डब्यावरचं वाचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं दोन वर्षांत संपतात. तोवर गोठण्याचा आकडा ठीकच येत असतो, पण अल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जायला लागलेलं असतं.

साधं पाणी न गळणाऱ्या जागांतून ग्लायकॉल गळतं, म्हणून आठवडाभर होजची तोंडं बघत राहा. सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोड आणि विषारी असल्यामुळे मांजरं-कुत्री ते चाटतात.

एअरकूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने गार होणाऱ्या, गाडीवाल्यांनी ही पायरी सोडा, पण हीटर तपासा. जुन्या ९११ मध्ये उबदार हवा सायलेन्सरच्या पाइपाभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून येते. तो गंजून भोक पडलं की धूर थेट केबिनमध्ये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म आत बसवा.

## ३. वीज: जमाखर्च मांडून बघा

साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये लुकासचा सी४० डायनॅमो असतो. तो जोरात फिरताना २२ अँपिअर देतो. आता हिवाळ्यातल्या संध्याकाळचा खर्च मांडा: हेडलाइट ९, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे ३, इग्निशन ३, वायपर ३, हीटरचा पंखा ४. झाले २२. बॅटरीत परत भरायला काहीच उरलं नाही. आणि सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर. अशा चार संध्याकाळी झाल्या की पाचव्या दिवशी सेल्फ नुसता कुंथतो. डायनॅमो खराब म्हणून तो उतरवायच्या आधी हा हिशोब करा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर व्होल्टमीटर १२.६ च्या वर दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जेमतेम पाव. गारठ्यात तिची ताकद आणखी कमी होते, उणे १८ ला निम्म्यावर येते. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपास गोठते आणि तिची पेटी फुटते. आठवड्यातून एक रात्र चार्जरवर टाका. अर्थिंगची पट्टी सोडून दोन्ही टोकं घासून चकचकीत करा. "बॅटरी गेली" म्हणून बदललेल्या कितीतरी बॅटऱ्या ठणठणीत असतात, दोष त्या पट्टीत असतो.

सापळा इथेच आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असू शकतं. आधुनिक गाडीवरून जंप देताना धन-धनाला, ऋण-ऋणाला जोडा आणि दोन गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकू देऊ नका. टेकले तर थेट शॉर्ट. एलईडी बल्ब घ्यायचे असतील तर त्यांना उलटं अर्थिंग चालतं का ते बघून घ्या. शिवाय एलईडी काच तापवत नाही, त्यामुळे दिव्यावर बसलेला बर्फ वितळत नाही.

ओलसर सकाळी इंजिन मिस करतं त्यामागे बहुतेक वेळा डिस्ट्रिब्यूटर कॅपमधली केसासारखी चीर असते. कॅप आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात तिरकी धरून बघा.

## ४. तेल आणि टायर

तेलाच्या डब्यावरचा डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्याचा. २०डब्ल्यू तेलाची सेल्फ फिरवण्याची चाचणी उणे १५ ला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. सकाळी उणे १० च्या खाली जात असेल तर २०डब्ल्यू-५० उन्हाळ्यासाठी ठेवा आणि जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं, पुरेसं झिंक असलेलं १५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू घाला. ऑइल कूलरला थर्मोस्टॅट नसेल तर कूलर झाका. नाहीतर तेल अख्खा हिवाळा कोमटच राहील.

टायरची नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. हौशी गाडीचे टायर झिजून नव्हे, वयाने संपतात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. दहा वर्षांचं रबर गारठ्यात लाकडासारखं होतं. ७ अंशांच्या खाली हिवाळी टायर घ्या, बाजूला डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले, आणि चारही सारखे. रुंद घेऊ नका, अरुंद टायर बर्फ कापत जातो. थंडीत दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय हवा उतरते, म्हणून हवा गार टायरमध्येच मोजा. साखळ्या घेतल्या तर घरीच एकदा चढवून चाक हाताने फिरवा. या गाड्यांच्या मडगार्डमध्ये जागा कमी असते आणि ब्रेकचा होज अगदी जवळ असतो.

## ५. सकाळी सुरू करताना

कार्ब्युरेटर कुठला आहे यावर सगळं आहे.

एसयू (जुन्या ब्रिटिश गाड्यांतला नेहमीचा कार्ब्युरेटर) असेल तर चोक पूर्ण ओढा आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका, म्हणजे पाय. एसयूच्या आत पेडलबरोबर जादा पेट्रोल सोडणारा पंप नसतो, पेडल कितीही दाबलं तरी पेट्रोल जास्त जात नाही. किल्ली फिरवली की इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाची टिकटिक ऐका. ती मंदावली, थांबली, की कार्ब्युरेटर भरले. मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल सेल्फला ढवळावं लागत नाही. दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

वेबर डीसीओई असेल तर उलट. त्याला तो आतला पंप असतो, पेडल तीन-चारदा सावकाश दाबून मग सेल्फ मारा. आठ-दहादा दाबलंत तर प्लग भिजले म्हणून समजा.

सुरू झाल्यावर उभ्या गाडीला दहा मिनिटं तापवत बसू नका. चोकवर चालणारं इंजिन सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल पेट्रोलने धुऊन काढतं आणि ते पेट्रोल खाली तेलात उतरतं. अर्ध्या-एक मिनिटात ऑइल प्रेशर आलं की निघा. पहिले काही किलोमीटर २५०० आरपीएमच्या आत राहा आणि चोक टप्प्याटप्प्याने आत ढकलत जा. पाण्याचा काटा आधी वर येतो, तेलाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. दुसरा गिअर सुरुवातीला पडत नसेल तर जोर लावू नका. पहिल्यातून थेट तिसऱ्यात टाका, थोड्या वेळाने दुसराही गुमान पडेल.

एसयूच्या डॅशपॉटमध्ये (डोक्यावरच्या तेलाच्या कुपीत) इंजिनचंच २०डब्ल्यू-५० भरलेलं असेल तर गारठ्यात आतला पिस्टन सुस्तावतो आणि पेडल दाबल्यावर इंजिनाला पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त मिळतं. तिथे पातळ तेल घाला.

दुकानापर्यंत दोन किलोमीटर जाऊन यायचं असेल तर दुसरं वाहन घ्या. वीस किलोमीटर तरी चालणार असाल तरच ही गाडी काढा. तेल ऐंशी अंशांच्या वर गेलं नाही तर आतलं पाणी उडत नाही. तेलाच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर ती याचीच. हेड गॅस्केट गेला असं समजून इंजिन उघडायला धावू नका, आधी तासभर हायवेवर फिरवून आणा.

## ६. पंधरा मिनिटांनी बंद पडली तर

हा बिघाड नवख्यांना फार चकवतो. गाडी छान निघते, मग ताकद कमी होते, आयडलिंग बसतं आणि ती मरते. पाच मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. लोक कॉइल बदलतात, पेट्रोल पंप बदलतात.

हे बहुधा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं असतं. पेट्रोलची वाफ होताना हवा वीस अंशांनीही गार होऊ शकते आणि तिच्यातली ओल थ्रॉटलच्या पाकळीवर गोठते. कडाक्याच्या थंडीत हे कमी होतं, कारण त्या हवेत ओलच नसते. ० ते १० अंश, धुकं, रिमझिम, असे दिवस धोक्याचे. बंद पडल्यावर इंजिनाची ऊब वर चढते, बर्फ वितळतो आणि पुरावा नाहीसा होतो. लगेच बॉनेट उघडलंत तर कार्ब्युरेटरच्या बाहेर पांढरं दव गोठलेलं दिसतं.

उपाय साधा: एअर क्लीनरचं तोंड हिवाळ्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे फिरवा, बऱ्याच गाड्यांत तशी सोय असते. एअर क्लीनर काढून उघडी तुताऱ्यांसारखी तोंडं बसवलेल्या गाड्यांना हा त्रास जास्त होतो.

## ७. रस्त्यावर

एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, ढकलणारी मागची चाकं. पायाने जे कराल ते सगळं सावकाश. निसरड्या जागी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचला. वळणात पाय एकदम काढू नका. ९११ मध्ये किंवा मागे स्विंग अ‍ॅक्सल (चाकाबरोबर वरखाली झुलणारा अ‍ॅक्सल) असलेल्या पोर्श ३५६ आणि सुरुवातीच्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये त्याच क्षणी मागचा भाग सुटतो. वेग वळणाच्या आधी, सरळ रेषेत कमी करा. चाकं लॉक झाली तर ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा हलके दाबा, लॉक झालेल्या पुढच्या चाकांनी गाडी वळत नाही. ओव्हरड्राइव्हचं (बटणाने पडणाऱ्या जादा वरच्या गिअरचं) बटण वळणात दाबू नका.

पुढे इंजिन असलेल्या गाडीच्या डिक्कीत, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, २०-३० किलो वाळूच्या पिशव्या ठेवा आणि घट्ट बांधा. अडकलात तर तीच वाळू चाकाखाली.

मागचे दिवे मंद आणि गाडी बुटकी, त्यामुळे ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला. थांबाल तेव्हा दिव्यांच्या काचा पुसा.

सॉफ्ट टॉप थंडीत उघडू-मिटू नका. मागची प्लास्टिकची खिडकी गारठ्यात घडी घातली की काचेसारखी तडकते. कपडा ओला असताना मिटला तर बुरशी.

## ८. परत आल्यावर

मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलात तर त्याच दिवशी धुवा, आणि खालून. बागेच्या पाइपाचं साधं पाणी, भरपूर, पण दाब कमी. प्रेशर वॉशर बेअरिंगचे सील ओलांडून पाणी आत घालतो आणि तुम्ही मारलेलं मेण उडवतो. मग दहा मिनिटं चालवून, अधूनमधून ब्रेक दाबून ड्रम कोरडे करा.

ओली खारट गाडी गरम गॅरेजात ठेवणं सगळ्यात वाईट, ऊब मिळाली की गंज वेगाने चढतो. गार पण वारा खेळणारी शेड बरी. ओल्या अंगावर कव्हर घालू नका.

हँडब्रेक ओढू नका. ओले लायनिंग रात्रीत ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा. दारांच्या रबराला सिलिकॉन, कुलपात ग्राफाइट. गोठलेल्या कुलपावर गरम पाणी ओतलंत तर पुढच्या सकाळी ते दुप्पट गोठलेलं असेल.

महिन्यातून एकदा सगळ्या निपलना (ग्रीस गन लावायच्या तोंडांना) ग्रीस भरा, जुनं मळकट ग्रीस बाहेर येईपर्यंत. अपवाद ट्रायम्फ स्पिटफायर आणि जीटी६ चा: पुढच्या चाकाच्या ट्रनियनमध्ये (चाक वळतं त्या खालच्या, आटे असलेल्या सांध्यात) ग्रीस नव्हे, ९० नंबरचं गिअर ऑइल जातं. तिथे ग्रीस भरलं की ते आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी शिरतं, आटे गंजतात आणि एके दिवशी चाकच आडवं होतं.

## ९. थंडी ओसरल्यावर

रस्त्यावरचं मीठ पहिल्या मोठ्या पावसापर्यंत असतंच, तोवर धुणं चालू ठेवा. मग इंजिन ऑइल बदला, किलोमीटर कितीही कमी झाले असोत. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही. आणि आतला गालिचा उचलून खालचं फेल्ट हाताने दाबा. ओलं लागलं तर ते उन्हात टाका आणि तळाच्या पत्र्याला टोचून बघा.